आजोबा स्काउटात होते म्हणे! इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी दिवाळीच्या आधी माळा साफ होतो आणि माझा फोन वाजायला लागतो. कुणाला ट्रंकेत पट्ट्याचं पितळी बक्कल सापडतं, कुणाला ग्रुप फोटो, कुणाला चुरगळलेलं सर्टिफिकेट, आणि मग "काका, हे काय आहे?" मी प्रोफेसर वगैरे नाही, लहानपणी कब (म्हणजे स्काउटातली छोट्या मुलांची शाखा) होतो मग स्काउट झालो, आणि रिटायर झाल्यापासून हे जुने कागद बघायचा नाद लागलाय इतकंच. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आमच्या आजोबांचा स्काउटचा रेकॉर्ड कुठे मिळेल?

हा पहिला प्रश्न, आणि यावर माझे दोन उलटे प्रश्न: आजोबा कुठल्या स्काउटात होते आणि कुठल्या सरकारात होते? लोक चिडतात, म्हणतात काका सरळ पत्ता सांगा ना. पण ही दोन उत्तरं नसतील तर भोपाळपासून दिल्लीपर्यंत फिरून याल आणि हातात फक्त बसचं तिकीट असेल. खालचं बरंचसं या दोन प्रश्नांबद्दलच आहे.

कुठल्या स्काउटात म्हणजे? स्काउट एकच ना?

आता एकच धरा (तरी हिंदुस्थान स्काउट्स अँड गाइड्स नावाची वेगळी संस्था आजही आहेच), पण १९५० च्या आधी अजिबात एक नव्हतं. हे नीट समजून घ्या, सगळी गंमत इथेच आहे.

भारतात पहिलं पथक १९०९ साली बंगलोरला कॅप्टन बेकरनी काढलं. पण त्यात प्रवेश कुणाला, तर गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या मुलांना. आपल्या मुलांनी लांबून बघायचं. सरकारच्या मनात धाकधूक असणारच हो, नेटिव्ह पोरांना माग काढायला, नकाशे वाचायला, टोळीनं राहायला शिकवलं आणि उद्या तीच पोरं आपल्यावर उलटली तर? मग आपल्या लोकांनी आपापली संघटना काढली. श्रीराम बाजपेयींनी १९१३ मध्ये शहाजहानपूरला मुलं जमवली, पुढे अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्यासोबत सेवा समितीचे स्काउट उभे राहिले. तिकडे मद्रासला ॲनी बेझंटबाई आणि अरुंडेल यांनी १९१६ मध्ये वेगळीच इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली. आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात विवियन बोस यांचं नाव येतं, नागपूरचे वकील, जे पुढे सुप्रीम कोर्टाचे जज्ज झाले.

१९२१ मध्ये स्काउट चळवळ सुरू करणारे बेडन पॉवेल स्वतः भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना त्यांच्या मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समितीवाले मात्र वेगळेच राहिले. मूळ संघटनेच्या वचनात देवासोबत राजाशी निष्ठा होती, आणि राजा म्हणजे लंडनचा, तर घोडं तिथेच पेंड खात होतं. व्हाइसरॉय हे भारताचे चीफ स्काउट, म्हणजे बघा. नंतर १९३७ ला दिल्लीत जांबोरी, म्हणजे स्काउटांचा मोठा मेळावा, झाली, बेडन पॉवेल परत आले, आणि त्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल ते जे बोलले त्यावरून एवढा गदारोळ झाला की १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना दोन्ही बाजू एकत्र आणल्या गेल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स अँड गाइड्स झालं. मुलींची गर्ल गाइड्स संघटना त्यात १५ ऑगस्ट १९५१ ला आली.

म्हणजे आजोबा १९४० मध्ये "स्काउट" होते असं म्हटलं तर ते राजाच्या नावानं वचन घेणारे होते की त्याच राजाच्या विरोधातल्या मांडवात होते, हे आधी ठरवा. कागदावर संघटनेचं पूर्ण नाव वाचा, शिक्का वाचा. नुसतं "स्काउट" वाचून उड्या मारू नका.

बेडन पॉवेल हा माणूस कोण होता मुळात?

ब्रिटिश लष्करातला अधिकारी, जन्म २२ फेब्रुवारी १८५७. तरुणपणी लखनौला होता, नंतर मेरठला, तेव्हा हिंदुस्थान त्याला नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग गावाला बोअर लोकांनी २१७ दिवस वेढा घातला होता, तो या माणसानं तग धरून काढला आणि इंग्लंडात हिरो झाला. तिथे गावातली मुलं निरोप पोचवायची, पहारा द्यायची, ते बघून डोक्यात किडा वळवळला. १ ऑगस्ट १९०७ ला ब्राऊन्सी नावाच्या बेटावर वीसेक मुलांचा कॅम्प केला, त्यात बड्या घरची पण होती आणि कामगारांची पण. १९०८ मध्ये पंधरा दिवसांना एक असं सहा भागांत पुस्तक काढलं आणि मग ते आवरेचना. १९४१ च्या जानेवारीत केनियात वारला.

माझं मत विचाराल तर माणूस हुशार होता आणि साम्राज्यवादी पण होता, दोन्ही खरं आहे, एकासाठी दुसरं लपवायची गरज नाही.

आणि कुठल्या सरकारात म्हणजे?

इंदूरवाल्यांची खरी डोकेदुखी ही आहे. नागपूर-पुण्याच्या माणसाला हे कळत नाही.

आजोबा राजवाड्याच्या बाजूला राहायचे आणि होळकर संस्थानच्या शाळेत जायचे, तर शाळेचे, शिक्षण खात्याचे कागद होळकर दरबारचे. पण तेच आजोबा रेसिडेन्सी भागात राहत असतील तर तिथला कारभार इंग्रजांचा, सेंट्रल इंडिया एजन्सीचं (म्हणजे इथल्या संस्थानांवर नजर ठेवणाऱ्या इंग्रजी कचेरीचं) मुख्य ठाणंच इंदूरला. आणि महू तर १८१८ च्या मंदसोरच्या तहापासून छावणी. म्हणजे टांग्यानं जाण्याएवढ्या अंतरात सरकारं बदलायची!

पुढचं ऐका. १९४८ मध्ये होळकर, शिंदे आणि बाकीची संस्थानं मिळून मध्य भारत झालं. राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. सहा महिने इकडे सहा महिने तिकडे, अधिकारी फिरले तशा फायली पण फिरल्या. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. आठ वर्षांत कारभाराचं तीनदा बिऱ्हाड हललं. तुम्ही एकदा घर बदललंत तर पातेल्याचं झाकण सापडत नाही, इथे तर आख्खं दप्तर.

म्हणून सोपा हिशोब: होळकर संस्थानचं असेल तर मध्य प्रदेशच्या राज्य अभिलेखागाराकडे विचारा, त्याचं मुख्य ऑफिस भोपाळला आहे, आधी फोन करून कुठलं दप्तर सध्या कुठे आहे ते विचारूनच निघा. एजन्सी, रेसिडेन्सी यांचं असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, जनपथवर. त्यांचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, घरबसल्या शोधता येतं, तिथून सुरुवात करा, फुकट आहे. आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे (लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याचे) कागद आहेत, पण भाचा तिकडे नोकरीला असेल तरच त्या वाटेला जा.

पोर्टलवर आजोबांचं नाव टाकलं, काहीच आलं नाही. म्हणजे नाहीये का?

नाही हो, सरकारी फायलीत शाळेतल्या मुलाचं नाव कशाला असेल. फाइलचं नाव असतं ग्रँटबद्दल, रॅलीबद्दल, अमुक संस्थानात स्काउट सुरू करायला परवानगी द्यावी का याबद्दल. संस्थानाचं नाव, खात्याचं नाव, साल असं टाकून शोधा. आणि स्पेलिंग वेगवेगळी टाकून बघा. इंग्रजीत इंदूरचंच पूर्वी दोन-तीन तऱ्हेनं लिहायचे.

नावाचा अजून एक घोळ. आपल्या मराठी माणसाचं आडनाव हिंदी कारकुनानं गाळलेलं असतं. रजिस्टरात नुसतं "रामचंद्र राव" दिसेल, आता इंदुरात रामचंद्रराव काय एक होते? अशा वेळी वडिलांचं नाव, शाळा आणि वर्ग जुळवायचा.

आजोबांच्या सर्टिफिकेटवर "सेकंड क्लास" लिहिलंय. म्हणजे ते नापासाच्या जवळपास होते का?

हाहा, हे दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि विचारताना आवाज खाली करतं. अहो, सेकंड क्लास ही पायरी होती! आधी टेंडरफूट, म्हणजे नवखा, मग सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास, आणि सगळ्यात वर किंग्ज स्काउट. सेकंड क्लास मिळवायला पण गाठी, प्रथमोपचार, कंपास, विस्तव पेटवणं असं बरंच करून दाखवायला लागायचं. आताच्या भाषेत प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. कागदावर "सोपान" शब्द दिसला तर तो भारत स्काउट्सच्या काळातला, "किंग्ज" दिसला तर राजाच्या काळातला. तारीख फाटून गेली असेल तर एवढ्यावरून पण काळ कळतो.

फोटोवर तारीखच नाही. कसं ओळखायचं?

टोपीवरचा नाहीतर खिशावरचा बिल्ला मोबाइलनं मोठा करून बघा. तीन पाकळ्यांचं फूल असतं ना, त्यात अशोकचक्र असेल तर फोटो १९५० नंतरचाच. नुसतं फूल असेल तर बहुतेक आधीचा. "बहुतेक" यासाठी की जुने बिल्ले लोक टाकून देत नाहीत, धाकट्या भावाला देतात. डोक्यावर टोपी आहे की साफा यावरून काळ ठरवायला जाऊ नका, दोन्ही चालायचं.

आणि फोटोच्या मागे बघितलंत का? स्टुडिओचा शिक्का असतो. फ्रेम उघडताना मात्र घाई नको, काचेला फोटो चिकटलेला असला तर ओढू नका, तसाच काचेवरून स्कॅन करा.

खाकी कपड्यातला फोटो आहे, पण एनसीसीचा असेल तर?

असू शकतो. एनसीसी १९४८ मध्ये सुरू झाली आणि ती संरक्षण खात्याची, तिचा स्काउटशी संबंध नाही. गळ्यात स्कार्फ आणि हातात उंच काठी असेल तर स्काउट. रायफल असेल तर स्काउट नाही, एवढं सोपं आहे.

रजिस्टरात खाली सही आहे "अकेला". हे कोण? एकटे राहायचे का?

एकटे कशाला, आसपास वीस-पंचवीस कार्टी असायची. छोट्या मुलांची शाखा १९१६ मध्ये सुरू झाली ती मोगलीच्या गोष्टीवर बेतलेली, आणि त्या गोष्टीत लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या अकेला. म्हणून कब मास्तरला पण अकेला म्हणतात. गोष्ट घडते ते सिवनीचं जंगल आपल्याच मध्य प्रदेशात, म्हणजे विलायतेतली पोरं सिवनीच्या लांडग्यांच्या नावानं ओरडायची आणि आपल्याला पत्ता नाही. आमच्या अकेलाची सही इतकी झोकदार होती की मी बरीच वर्षं ते त्यांचं आडनाव समजत होतो.

आजी गाइड होती असं आई म्हणते. आजीचं काहीच मिळत नाही.

बायकांचे रेकॉर्ड शोधणं अवघड, आणि कारण आपल्याच घरात आहे. तुम्ही आजीचं कुठलं नाव शोधताय? लग्नानंतरचं ना? शाळेत असताना तिचं नाव वेगळं, आडनाव वेगळं, वडिलांचं नाव वेगळं. आपल्याकडे तर तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नाव पण बदलायचे. कुमुद कुलकर्णी शोधताय आणि रजिस्टरात आहे मथू गोडबोले, मिळणार कसं? आधी आजीच्या भावाकडे, मामेभावाकडे चौकशी करा, माहेरचं पूर्ण नाव, शाळा, साल. लग्नाची पत्रिका सापडली तर सोन्याहून पिवळं, दोन्ही घरांची नावं एका कागदावर.

आणि गाइडचा इतिहास पण आपल्या जवळचाच आहे. इंग्लंडात १९१० मध्ये बेडन पॉवेलची बहीण ॲग्नेस हिनं गाइड चालवायला घेतलं. त्याच्या आधीच १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात काही मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या होत्या, आम्ही पण स्काउट म्हणून. मला हा प्रसंग सगळ्या इतिहासात जास्त आवडतो. भारतातली पहिली गाइड कंपनी १९११ मध्ये जबलपूरला निघाली. आणि जगातल्या गाइडांचं एक केंद्र १९६६ पासून पुण्याला आहे, संगम. आजी "संगमला गेले होते" म्हणत असेल तर ती प्रयागबद्दल बोलत नसेल कदाचित, एकदा विचारून बघा!

शाळेत गेलो होतो, म्हणाले जुनं काही नाही.

माझा अनुभव सांगतो, शाळेचं नाव घेत नाही. मी गेलो तर सांगितलं गेलं की पावसात भिजलेली रजिस्टरं दोन वर्षांपूर्वी रद्दीत दिली. किलोच्या भावानं. मी तिथेच पायरीवर बसलो. शिपायाला दया आली, त्यानं चहा आणून दिला आणि चहासोबत सांगितलं की जुने वार्षिक अंक लायब्ररीच्या कपाटावर आहेत, ते कुणी नेले नाहीत कारण हात पोचत नाही. त्या अंकांत स्काउट पथकाचा दरवर्षीचा रिपोर्ट होता, मुलांची नावं, कॅम्प कुठे झाला, कोण कुठली परीक्षा पास. एका वर्षी कॅम्प पातालपाणीला आणि डाळ करपली हे सुद्धा छापलेलं.

तेव्हा "स्काउटचं रेकॉर्ड आहे का" असं विचारूच नका, उत्तर नाहीच येतं. वार्षिक अंक, बक्षीस समारंभाचे कार्यक्रम, फी आणि ग्रँटची रजिस्टरं, स्टाफचे फोटो, असं एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा. आणि पोहे-जिलेबी घेऊन जा.

घरात कागद भरपूर आहेत. त्यातलं महत्त्वाचं कुठलं?

लोक सर्टिफिकेट फ्रेम करतात आणि वह्या फेकतात. उलट करा! सर्टिफिकेट हजारोंना एकसारखं मिळालं, वही एकच असते.

टोळीची लॉगबुक असेल तर ती आधी बाजूला काढा. सहा ते आठ मुलांची टोळी, तिचा एक नायक, आणि तो रोजचं लिहायचा, कोण आलं, काय शिकलो, कुणाला खरचटलं. त्याहून भारी म्हणजे कोर्ट ऑफ ऑनरची (हिंदीत मानसभा) मिनिट्स, म्हणजे बैठकीच्या नोंदींची वही. टोळीनायक बसून ठरवायचे की अमक्यानं वचन मोडलं त्याचं काय करायचं, कॅम्पचे पैसे कसे जमवायचे. बारा-चौदा वर्षांची मुलं न्यायाधीश! मी एक वाचली त्यात एका मुलाला शिट्टी हरवल्याबद्दल आठवडाभर सगळ्यांच्या काठ्या पुसायची शिक्षा होती आणि पुढच्या पानावर शिट्टी सापडल्याची नोंद, नायकाच्याच खिशात.

नंतर स्काउट मास्तरचं वॉरंट. हे पोलिसाचं वॉरंट नाही, घाबरू नका, पथक चालवायचं अधिकारपत्र असतं ते. त्यावर संघटनेचं नाव असतंच, म्हणजे कुठल्या स्काउटात या माझ्या पहिल्या उलट्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. मग कॅम्पला पाठवलेली घरची पत्रं, जमाखर्चाची वही, रॅलीचं छापील पत्रक. १९५३ च्या हैदराबाद जांबोरीचं काही निघालं तर मला आधी सांगा, मग बाकी जगाला.

मोडीत लिहिलंय, आम्हाला येत नाही.

होळकर दरबारचा जुना कारभार मोडीतला, त्यामुळे आजोबांच्या वडिलांची पत्रं, पावत्या मोडीत असणार. पण स्काउटचे कागद विसाव्या शतकातले, त्यात इंग्रजी, बाळबोध मराठी आणि हिंदी असं तिन्ही मिळतं, कधी एकाच पानावर. हिंदीचा जोर इंदुरात होताच, गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून १९१८ आणि १९३५ असे दोनदा इथेच आले होते. मोडी लागलीच तर मोडी वाचणारी मंडळी आहेत, आणि शिकायला पण फार कठीण नाही, रोज तासभर दिलात तर दोन-तीन महिन्यांत छापलेली मोडी लागायला लागते. हाताची मोडी मात्र ज्याच्या त्याच्या हातासारखी.

कागद टिकवायचे कसे? लॅमिनेट करू?

नको! नको! नको! लॅमिनेशन म्हणजे कागदाला जिवंत पुरणं, गरम प्लास्टिक परत निघत नाही. सेलोटेप पण नको, काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग कायमचा. पिना काढा, गंजतात. आडवे ठेवा, घड्या उघडा, पण करकरत असेल तर जबरदस्ती करू नका. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलंत तर आत घाम धरतो आणि बुरशी. जाड कागदाची फाइल, कोरडं कपाट, भिंतीपासून चार बोटं लांब, आणि वर्षातून दोनदा उघडून बघायचं कसर किंवा वाळवी लागली का. फोटोच्या मागे पेननं लिहू नका, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. आणि नावं आत्ता लिहा, आई आहे तोवर, कारण "डावीकडून तिसरा कोण" हे सांगणारी तीच शेवटची असते.

स्कॅन करताना कागद ३०० डीपीआय, फोटो ६००. व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी म्हणजे स्कॅन नव्हे, ती चेपून बारीक होते.

हे सगळं कुणाला देऊन टाकावं का?

घरात कुणाला रस असेल तर घरात. नसेल तर द्या, पण लेखी पावती घेऊन, यादी करून, आणि आधी स्कॅन करून. तोंडी "ठेवा तुमच्याकडे" म्हणून दिलेलं परत कधी दिसत नाही, मग ती संस्था कितीही मोठी असो.

ट्रंकेत चामड्याच्या बारीक दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी निघालेत. मुलगी म्हणते फेकून दे.

मुलीला हाक मारा आणि हे वाचायला द्या. तो वुड बॅज आहे. स्काउट मास्तरचं मोठं ट्रेनिंग पूर्ण केलेल्या माणसालाच मिळतो. १९१९ मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्कला पहिला कोर्स झाला, तेव्हा बेडन पॉवेलनं झुलूलँडहून आणलेल्या एका माळेतले मणी सुटे करून वाटले होते, नंतर नकला करून द्यायला लागले. दोन मणी म्हणजे कोर्स केलेला, तीन किंवा चार म्हणजे दुसऱ्यांना शिकवणारा. मण्यांबरोबर एक स्कार्फ पण असतो, मागे चौकडीच्या कापडाचा छोटा तुकडा शिवलेला, ते मॅक्लारेन घराण्याचं कापड, कारण गिलवेलची जागा घ्यायला पैसे त्या घराण्यातल्या माणसानं दिले होते. तर ट्रंकेत अजून खाली हात घालून बघा, चौकडीचा तुकडा लावलेलं जुनं फडकं आहे का, आणि कुणी ते सायकल पुसायला घेतलं नाही ना. सर्टिफिकेट असेल आणि त्यावर "हिमालय वुड बॅज" असेल तर ते भारत स्काउट्सच्या काळातलं, तेव्हा ट्रेनिंग बहुतेक पचमढीला झालं असणार, तिथे १९५६ पासून राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पचमढीचा ग्रुप फोटो पण असेल मग कुठेतरी. बघा, आणि मिळाला तर मागची बाजू पण पाठवा.